बांधावरच्या सहाजणी

ऑक्टोबर लागला की माझं घरात बसणं संपतं. चहा गाळताना टाचा आपोआप वर-खाली व्हायला लागतात. आई म्हणते, "पायाला भिंगरी बांधूनच जन्मलीस तू. दोन घोट तरी बसून पी." मी बसते आणि बसल्या बसल्या पाय हलवत राहते. बाहेर भात पिवळं पडलेलं असतं, सकाळी गाढी नदीवर धूसर वाफ असते आणि नऊ वाजले की डोक्यावर तवा ठेवल्यासारखं ऊन. धड पावसाळा नाही, धड थंडी नाही. या दिवसांना कुठे बसावं तेच कळत नाही, आणि मलाही.

मी पनवेलच्या एका लहानशा कॉलेजात खेळ शिकवते. तासिकेवर आहे, म्हणजे जेवढे तास तेवढे पैसे, आणि सुट्टीत ठणठण गोपाळ. क्रॉस कंट्रीचा मुलींचा संघ माझ्याकडे आहे. क्रॉस कंट्री म्हणजे आखलेल्या ट्रॅकवरचं पळणं नव्हे. माळ, चढ, गवत, चिखल, समोर येईल त्यातून लांबवर पळायचं. कॉलेजा-कॉलेजांमधली स्पर्धा दिवाळीच्या आगेमागे असते. संघात सहा मुली लागतात आणि यंदा माझ्याकडे पाच आहेत. पाचांना कोणी संघ म्हणत नाही. पाच म्हणजे सकाळी फिरायला निघालेल्या मैत्रिणी.

सहावी कुठून आणायची हा प्रश्न मी दर वर्षी नव्याने सोडवते. कबड्डीतली उसनी घेते. एनएसएसमधली पळवते. एके वर्षी तर मी एसटी स्टँडवर उभी राहून बघत असे, की सुटलेल्या बसमागे कोण मुलगी शेवटपर्यंत धावते आणि कोण चार पावलांत हात हलवून सोडून देते. शेवटपर्यंत धावणारीला गाठून विचारायचं, "कुठल्या कॉलेजला आहेस गं?" दोघींनी मला पोरं पळवणारी बाई समजून पळ काढला. त्यातली एक फार सुंदर पळाली हो! पण निघाली दुसऱ्या कॉलेजची.

पाच नावं फळ्यावर लिहिली की सहाव्या जागी माझा खडू थबकतो आणि मला हर्षला आठवते. हर्षलाची आठवण आली की तो अख्खा हंगाम मिठाच्या वासासकट परत येतो.

तोही असाच ऑक्टोबर होता. मैदानावर गरब्याचा मंडप उभा राहिला होता. मंडप निघाला की फटाक्यांचे स्टॉल येणार, हे ठरलेलं. त्याआधीचा आमचा पळायचा माळ पत्रे ठोकून बंद झाला होता, आत डंपर भराव टाकत होते. मी प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, "सर, खारघरला डोंगराच्या पायथ्याशी सरावाला जायला गाडी द्या. निदान बूट द्या."

सर चांगले होते, पण त्यांचा जीव क्रिकेटमध्ये. क्रीडा निधी म्हणून जे काही असेल ते मॅटवर, पॅडवर, हेल्मेटवर जायचं. ते मनापासून नवल वाटून म्हणाले, "मॅडम, क्रॉस कंट्रीला खर्च कसला? पाय तर मुलींचेच आहेत ना!"

मी म्हटलं, "सर, हातही मुलांचेच आहेत. बॅट कशाला देता?"

ते हसले, पण मग हसणं आवरून म्हणाले, "खरं सांगू? व्यवस्थापन विचारतंय, हा संघ हवाच कशाला. यंदा वरच्या निम्म्या संघांत या, मी भांडतो तुमच्यासाठी. नाही आलात तर पुढच्या वर्षी क्रॉस कंट्री बंद."

मी केबिनमधून बाहेर आले तेव्हा माझे कान तापले होते. मुली जिन्यात बसल्या होत्या. त्यांच्यापासून लपवणं मला कधी जमलेलं नाही. सगळं सांगून टाकलं. मुबीना म्हणाली, "या अल्ला, मॅडम, मग आता?" मुबीना पनवेल गावातली, बारीक चणीची, आमच्यातली सगळ्यात वेगवान. वडिलांचं बेकरीचं दुकान, त्यामुळे सरावाला कायम खिशातून खारी निघायची. हर्षला जिन्याच्या कठड्याला टेकून उभी होती. ती नुसती म्हणाली, "टीम हाय तवर मी हाय, मॅडम."

हर्षला उरणच्या बाजूच्या एका गावातली. जमीन बरीच प्रकल्पात गेलेली, थोडं मिठागर उरलेलं, भाऊ मटेरियल सप्लायच्या धंद्यात, दारात दोन गाड्या. कशाला काही कमी नव्हतं. पण भावाचं लग्न उरकलं होतं आणि आता घरात तिच्या लग्नाची बोलणी चालली होती. सेकंड इयरला होती. तुळशीचं लग्न लागलं की तिचा नंबर. तिने बापाशी एवढंच कबूल करून घेतलं होतं, की टीममध्ये आहे तोवर लग्न लावायचं नाही. बाप हो म्हणाला होता. टीम गेली असती तर त्या होकाराला कशाचाच आधार नव्हता. म्हणजे व्यवस्थापनाला एक खर्चाचा खेळ बंद करायचा होता आणि इकडे एका मुलीचं घराबाहेर पडणं त्याच्यावर टांगलं होतं. हे कुठल्या सभेत कोण सांगणार, आणि कोण ऐकणार?

जागेचा प्रश्नही तिनेच सोडवला. "आमच्या मिठागरावं चला की. बांध मोकलाच हाय."

तिथे पहिल्यांदा गेलो ती सकाळ मला अजून दिसते. रस्ता सोडून आत वळलो आणि एकदम सगळं सपाट झालं. चौकोनामागे चौकोन, मध्ये मातीचे अरुंद बांध, पलीकडे तिवरांची काळपट रांग आणि दूर द्रोणागिरीकडच्या क्रेन. वारा खारट. ओठावरून जीभ फिरवली की कळायचं. हर्षलाचे वडील गुडघ्यापर्यंत चिखलात उभे होते. पावसाळा सरला की मिठागरातलं पाणी काढून तळाचा चिखल पायांनी तुडवतात. रोज तुडवायचा, सुकू द्यायचा, परत तुडवायचा. असं करत करत तळ फरशीसारखा कडक होतो, मग त्यावर खाडीचं पाणी घेतात आणि मीठ धरतं. तळ कच्चा राहिला तर मिठात माती येते. चार माणसं हातात हात घालून रांगेत तुडवत होती आणि कोणीतरी काहीबाही बोलून सगळ्यांना हसवत होतं.

आम्ही बांधावर उभ्या राहिलो तसे ते वर न येताच बोलले, "धावा, मॅडम. बांध तुमचाच हाय. पन बांधाखाली पाय नको. आज तुडवलेला हाय, एक पाय परला का सगला दिस फुकट."

बांध एका माणसापुरता. त्यामुळे एकीमागे एक. पुढे हर्षला, कारण बांध कुठे पोचट झालाय, कुठे खेकड्यांनी पोखरलाय, ते तिला ठाऊक. तिने उडी मारली की मागच्या उडी मारायच्या, ती दबकली की मागच्या दबकायच्या. मुबीना तिच्या पाठीला लागून. मग बाकीच्या. सगळ्यात मागे मी, शिट्टी गळ्यात आणि धाप छातीत. पुढे जायचं तर खाली पाय टाकावा लागणार, आणि खाली ते फरशीसारखं गुळगुळीत, ओलं, कुणाच्या तरी दिवसभराच्या कष्टाचं काम. कोणाची हिंमत!

नवरात्रात कबड्डीतून उसनी घेतलेल्या आमच्या कबड्डीवालीने नऊ दिवस अनवाणी राहायचा नेम धरला होता. मी कपाळावर हात मारला. पण बांधावर तीच सगळ्यांपेक्षा ठाम पळायला लागली, पायाची बोटं मातीत रुतवून. दोन दिवसांनी बाकीच्यांनीही बूट काढून ठेवले. बुटांचा माझा अर्ज प्राचार्यांनी फेटाळला होता, देवीने मंजूर केला म्हणायचा. उपासवाल्या चक्कर येऊन पडतील म्हणून मुबीना घरून खजूर आणायची आणि सगळ्यांच्या हातावर ठेवायची.

काय दिवस होते ते! मला त्यांच्याविषयी शांतपणे लिहिताच येत नाही. लिहिता लिहिता उठून मी दोनदा गॅलरीत जाऊन आले. पळताना सहा पाठी एका लयीत हलायच्या, बगळे उठून पुढच्या चौकोनात बसायचे आणि मला वाटायचं, हेच, हेच ते, आता हे असंच चालू राहावं. आणि त्याच क्षणी आठवायचं, की स्पर्धा जवळ येते आहे.

गणवेशाचं तसंच. संघाला एकसारखे टी-शर्ट हवेत, हा नियम. कॉलेजकडे क्रिकेटचे जुने होते, ते मुलींच्या गुडघ्यापर्यंत यायचे. हर्षलाने एक दिवस मोठी पिशवी आणून माझ्यापुढे उपडी केली. पिवळेधमक टी-शर्ट, अगदी नवे, आणि पाठीवर लाल अक्षरांत: 'आमच्या दादूसची हळद'. तिच्या भावाच्या हळदीला सगळ्या भावकीने घातले होते, त्यातले उरलेले. आमच्या इकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठं प्रकरण. मी म्हटलं, "अगं, हे घालून स्पर्धेला?" ती म्हणाली, "मॅडम, पाठीमागं कोन बघतंय? आपल्या मागं असतील त्याच वाचतील." पुढच्या बाजूला कॉलेजचं नाव छापून घेतलं, तेवढाच खर्च.

स्पर्धा खारघरला, डोंगराच्या पायथ्याच्या माळावर होती. जायला गाडी नाहीच. हर्षलाचे वडील मिठाचा टेम्पो धुऊन घेऊन आले. मागे सतरंजी घातलेली. "बसा गो पोरींनो," म्हणाले, "पन चाटू नका, फल्या खारट हायत." मुबीनाने बोट लावून चाटून पाहिलंच.

तिथे मुंबईची कॉलेजं मोठ्या बसमधून उतरली होती. त्यांच्या मुली एकसारख्या जॅकेटमध्ये कोपऱ्यात वाकून-ताणून घेत होत्या. आमच्या सहाजणींकडे बघून कोणीतरी विचारलं, "हळदीवरून डायरेक्ट आलात का?" हर्षलाने गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "हो, नवरदेवाला शोधतोय." तेवढ्यापुरत्या सगळ्या हसल्या. मी मात्र पुन्हा पुन्हा तेच सांगत होते, "सहाजणी पळाल, पण पहिल्या चौघींचे नंबर मोजतात. मुबीना, तू कोणासाठी थांबायचं नाहीस. जिला जमेल तिने सुटायचं." सगळ्यांनी माना डोलावल्या.

सुरुवातीचा बार झाला. माळ केवढा रुंद! पन्नास मुली आडव्या पळतील एवढा. सगळ्या कॉलेजांच्या मुली मुठीतून धान्य सांडावं तशा पसरल्या आणि त्या गर्दीतून आमच्या सहाजणी बाहेर आल्या त्या एकीमागे एक, नेमक्या रांगेत. पुढे हर्षला. तिच्या मागे मुबीना. मग बाकीच्या. डावीकडे मोकळं, उजवीकडे मोकळं, आणि या बयांचे पाय एका माणसाच्या रुंदीतून बाहेर पडेनात!

पहिल्या फेरीला मला वाटलं, ठीक आहे, अंदाज घेताहेत. दुसऱ्या फेरीला हर्षला दमलेली दिसली. तिचा खांदा पडला होता. तिच्यामागे मुबीनाच्या अंगात अजून निम्मा दम शिल्लक होता, तो तिच्या पावलांत दिसत होता. घोडा लगाम ओढल्यावर पळतो तशी पळत होती. बाजूने संघामागून संघ पुढे चालले होते. मी दोरीच्या कडेने धावत ओरडत होते, "मुबीना, पुढे! ओव्हरटेक! अगं पुढे जा!" तिने माझ्याकडे पाहिलं, ऐकलं, आणि हर्षलाच्या पाठीमागेच राहिली. मला रडू यायचं बाकी होतं. माझा घसा गेला, मी शिट्टी वाजवतच राहिले म्हणून पंचांनी दम दिला. सगळा हंगाम माझ्या डोळ्यांसमोर एका ओळीत मागे पडत चालला होता.

हर्षलाचे वडील माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. ते कधीच क्रॉस कंट्री बघायला आलेले नव्हते. थोडा वेळ ते डोळे बारीक करून त्या पिवळ्या रांगेकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. मग दोन्ही हात तोंडाशी धरून त्यांनी अशी हाळी दिली, जशी मिठागराच्या या टोकावरून त्या टोकाला देतात.

"उतरा गो खाली! यो बांध नाय! इकरं मीठ नाय, उतरा!"

आणि रांग फुटली. मला ते आजही नीट सांगता येत नाही. मुबीना उजवीकडे वळली आणि सुटली. कबड्डीवाली डावीकडून निघाली. तिच्या मागच्या दोघी, मग शेवटची. जणू कोणीतरी त्यांच्या पायाखालची माती पसरून माळाएवढी केली. पिवळे टी-शर्ट पुढच्या गर्दीत घुसले आणि एकेकीला मागे टाकत गेले. मागे पडणाऱ्या मुली 'आमच्या दादूसची हळद' वाचत असतील. मी नाचत होते, अक्षरशः नाचत होते.

सगळ्या पुढे गेल्या. हर्षला राहिली. एवढ्या रुंद माळावर ती आपली सरळ रेषेत, पाय जपून ठेवत पळत होती, एकटीच बांधावर असल्यासारखी. ती आमच्यातली सहावी आली.

आम्ही वरच्या निम्म्यात बसलो, काठावर, पण बसलो. मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या. हर्षला टेम्पोच्या फळीवर बसून हसत होती. वडिलांनी तिला पाणी दिलं. ती पीत असताना हळूच विचारलं, "बाय, मी एवरा ओरडलो. तू का नाय उतरलीस?"

हर्षलाने बाटली खाली केली. अगदी सहज म्हणाली, "मना वाटला, तुमी त्यांना सांगताव."

टेम्पोचं मागचं दार लावताना वडिलांना कडी दोनदा लावावी लागली.

परतताना सगळ्या टेम्पोत गाणी म्हणत होत्या. मी पुढे त्यांच्याशेजारी बसले होते. पनवेल येईपर्यंत ते एकच वाक्य बोलले, "पावन्यांना शब्द दिलाय, मॅडम." मी विचारलंही नव्हतं. प्राचार्यांनी आपला शब्द पाळला, संघ राहिला. आणि टीम होती तरी तुळशीच्या लग्नानंतर हर्षलाची हळद लागली. मी गेले, जेवले, तिला ओवाळलं. मला राग आला होता, बापाचा, भावाचा, त्या दणदणणाऱ्या गाण्यांचा, सगळ्यांचाच. अजूनही येतो. पण तो चांगला माणूस होता हो, हीच तर पंचाईत. चांगल्या माणसाशी भांडायचं कसं ते मला अजून कोणी शिकवलेलं नाही. थर्ड इयर तिने सासरहून नुसतं परीक्षेला येऊन पुरं केलं.

ते मिठागर आता नाही. बांधही नाही. तिथून सरळ रस्ता जातो आणि त्याच्या कडेला कंटेनरचे ट्रेलर एकामागे एक उभे असतात. आम्ही आता विकल्या गेलेल्या पण अजून न बांधलेल्या एका प्लॉटवर पळतो. वॉचमनला सकाळचा चहा पाजला की तो दुसरीकडे बघतो. मुली गवतात वाट पाडतात, आणि प्लॉट मोठा असला तरी त्या वाटेवरूनच पळतात.

परवा सकाळी पाचजणींना घेऊन मी तिथे उभी होते, चिडलेली. स्पर्धा तोंडावर, सहावीचा पत्ता नाही. तेवढ्यात एक स्कूटी आली आणि तिच्यावरून उतरली हर्षला. अंगाने थोडी भरलेली, गळ्यात मंगळसूत्र, आणि वर तोच टी-शर्ट, रंग उडून पिवळ्याचा लिंबू झालेला.

"मॅडम, एम. कॉम.ला ॲडमिशन घेतलाय, आपल्याच कॉलेजात. टीम हाय ना अजून?"

माझ्या तोंडून निघालं ते असं, "सासरी विचारलंस का?"

"इचारला. नवरा बोलला, जा. सासू बोलली, मंग मासली कोन आनील? मी बोलले, मीच आनीन. धावत आनीन, जास्त ताजी येल."

मी शिट्टी फुंकली. ती सवयीने पुढे झाली आणि मुली तिच्यामागे वाटेवर लागल्या. एका फेरीतच तिला धाप लागली. तिच्यामागे फर्स्ट इयरची एक नवी पोर होती, चांगली पळणारी, पण मोठ्या ताईला मागे कसं टाकायचं म्हणून अडून राहिली होती. हर्षलाने मागे वळून पाहिलं.

"जा गो पुढं," ती म्हणाली. "यो बांध नाय."

पोर बाजूने निघून गेली. तिच्यामागून बाकीच्या गेल्या. हर्षला कमरेवर हात ठेवून थांबली. वाट पुढे मोठा वळसा घेत होती आणि मुली त्या वळणावर दूर जात होत्या. तिने वाटेकडे पाहिलं, मग मधल्या गवताकडे. आणि चपळाईने खाली उतरून गुडघाभर गवतातून तिरकी पळत सुटली.

"हर्षला!" मी ओरडले. "अगं, शॉर्टकट मारतेस!"

ती थांबली नाही. पळता पळताच हात वर करून ओरडली, "उतरले मी, मॅडम!"